कोल्डच्या दारातल्या चपला

पॅकहाउसमध्ये द्राक्षाला कुणी द्राक्ष म्हणत नाही. 'माल' म्हणतात. माल आला, माल गेला, माल नरम आहे, मालाला डाग आहे. नाशिकजवळ दिंडोरी रस्त्यावरच्या एका निर्यातीच्या पॅकहाउसमध्ये मी पॅकिंग हॉलची सुपरवायझर होते, आणि उमेदीची बहुतेक सगळी वर्षं तिथंच गेली. आता निवृत्त होऊन घरी बसले आहे, तरी द्राक्षाचा घड हातात आला की बोटं आपोआप देठाकडे जातात आणि आतला सडका मणी शोधायला लागतात. इंदिरानगरचा आमचा फळवाला मला कंटाळला आहे. तो म्हणतो, मॅडम, तुम्ही द्राक्षं घ्यायला येत नाही, तपासायला येता.

या दिवाळी अंकाचा विषय 'उद्योगातलं नवं' असा आहे, असं संपादकांनी फोनवर सांगितलं. तुमच्याकडे बरेच प्रयोग झाले असतील, त्याबद्दल लिहा, म्हणाले. झाले की. त्यातल्या एका प्रयोगाला बक्षीससुद्धा मिळालं. त्याच प्रयोगात आमच्या हॉलमधली यमुना जिवानिशी गेली, आणि सुभाष नावाच्या एका सरळमार्गी माणसावर तिच्या मरणाचा ठपका आला. तो ठपका अजून त्याच्यावर आहे. मला लिहायचं असेल तर तेच लिहावं लागेल. संपादकांना काही प्रसन्न हवं असेल तर त्यांनी मला आधी तसं सांगायला हवं होतं.

आधी काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. बागेतून माल क्रेटमध्ये भरून येतो. हॉलमध्ये लांब टेबलांच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या असतात. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, हातात बारीक टोकाची कात्री. घड देठाला धरायचा, मण्याला बोट लावायचं नाही. मण्यावर एक पांढुरका थर असतो, तो एकदा पुसला की परत येत नाही, आणि परदेशातल्या गिऱ्हाइकाला नेमका तोच हवा असतो. बारका, चिरलेला, सडका मणी कात्रीनं काढायचा, घड डब्यात बसवायचा, डबे खोक्यात, आणि खोकी एकावर एक रचून माणसापेक्षा उंच थप्पी करायची. त्या थप्पीला पॅलेट म्हणतात. दिवसभर उभं राहून हे करायचं आणि घड हातातून सुटू द्यायचा नाही. आमच्या हॉलमधल्या बायकांचे हात मी बागायतदारांना अभिमानानं दाखवायची.

तयार पॅलेट मग थंड खोलीत जातात. आम्ही तिला नुसतं 'कोल्ड' म्हणायचो. बागेतला माल अंगात ऊन घेऊन आलेला असतो. ते ऊन काढून घेतल्याशिवाय कंटेनर भरला तर जहाजावरच सगळा माल नासतो. कोल्डमध्ये पॅलेटच्या दोन रांगा लावतात, मध्ये एक अरुंद बोळ सोडतात, वरून ताडपत्री ओढतात, आणि मोठा पंखा त्या बोळातली हवा खेचत राहतो. बर्फासारखी हवा खोक्याखोक्यातून फिरते. पंख्याचा आवाज इतका की आत शेजारचा माणूस बोललेलं ऐकू येत नाही. दोन शर्ट घातलेले हमालसुद्धा काम झालं की धावत बाहेर येत आणि उन्हात उभे राहत.

या कोल्डचा माणूस म्हणजे सुभाष. जवळच्याच गावचा, चाळिशीच्या पुढचा, थोडा तिरसट, कामाला चोख. यंत्र चालू करणं, थंडी किती आहे ते बघणं आणि दार उघडणं-लावणं हे त्याचं काम. दार जुन्या पद्धतीचं होतं. जाडजूड, बिजागरीचं, बाहेरच्या बाजूला उघडणारं. आतली फरशी कायम ओली असल्यामुळे चपला घसरायच्या, म्हणून दाराशी कंपनीचे चार-दोन गमबूट ठेवलेले असत. आत जाणाऱ्यानं आपल्या चपला दारात काढायच्या, गमबूट चढवायचे आणि आत जायचं. बायकांचं त्यात आणखी एक होतं. आमच्या बऱ्याचशा बायका पेठ, सुरगाण्याकडच्या. घरी धान्याच्या कणगीपाशीसुद्धा त्या चपला घालून जात नाहीत. मालाशी जायचं म्हणजे चपला बाहेर, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

तर या चपला नेमक्या दाराच्या वाटेत पडलेल्या असायच्या. दार लावायचं तर सुभाषला आधी त्या पायानं बाजूला साराव्या लागत. सारताना तो वैतागायचा आणि आत तोंड करून हाका मारायचा. सगळ्यांच्या चपला त्याला ओळखू यायच्या. यमुनेच्या एका चपलेचा अंगठा तुटलेला होता आणि तो तिनं निळ्या नायलॉनच्या दोरीनं शिवला होता. सुभाष ओरडायचा, "यमुने, ये भाईर, तुझी ती निळी दोरी माझ्या पायात येती." आतून यमुना काहीतरी उलट बोलत यायची, आणि चपला पायात सरकवता सरकवता त्याला आणखी दोन शब्द ऐकवायची. रोजचं होतं हे. त्याकडे लक्ष द्यावं असं त्यात काही आहे, हे आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

मग निखिल सर मॅनेजर म्हणून आले. पॅकहाउसचे मालक, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो, ते स्वतः मोठे बागायतदार. बाग त्यांना कळायची, कारखाना सांभाळण्याचा कंटाळा होता, म्हणून त्यांनी पुण्याहून मॅनेजमेंट शिकलेला माणूस आणला. माझ्या मुलाच्या वयाचे होते सर. असे शिकलेले मॅनेजर मी पुष्कळ पाहिले होते. येतात, फळ्यावर बाण काढतात आणि दुसऱ्या हंगामाआधी मुंबईला जातात. हे तसे नव्हते. पहिल्याच दिवशी टोपी घालून बायकांच्या रांगेत उभे राहिले आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत कात्री चालवली. बोट कापून घेतलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या आणि यमुनेनं आपल्या पिशवीतून हळद काढून त्यांना लावली. तेव्हापासून सर हॉलचे झाले.

त्यांनी सोमवारची बैठक सुरू केली. सकाळी काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना उभं करायचे आणि विचारायचे, "नवं काय?" इनोव्हेशन हा शब्द आमच्या हॉलमध्ये त्यांच्याबरोबर आला. पण ते तो शब्द फार समजावून सांगायचे. इनोव्हेशन म्हणजे परदेशातून मोठं यंत्र आणणं नव्हे, म्हणायचे. काम करताना तुम्हाला रोज ज्याचा त्रास होतो, तो मला सांगा. तो त्रास आपण काढून टाकू. त्रास काढला की झालं इनोव्हेशन.

ही व्याख्या मला आवडली होती. आजही मी तिला हसणार नाही, कारण तिनं आम्हाला बरंच काही दिलं. यमुना बोलायला धीट. आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली असल्यामुळे पॅलेटवरची लेबलं तपासायचं काम तिच्याकडे होतं. पहिल्याच बैठकीत ती म्हणाली, टेबलं बुटकी आहेत, संध्याकाळी कंबर सरळ होत नाही. सरांनी त्याच आठवड्यात टेबलांच्या पायांखाली लाकडी ठोकळे घातले. इतक्या वर्षांत मला ते सुचलं नव्हतं. पायांखाली रबरी चटया आल्या. कात्र्यांना धार लावायला माणूस येऊ लागला. सगळंच जमलं असं नाही. हॉलमध्ये गाणी लावायची टूम निघाली, तेव्हा अर्ध्या बायकांना भजनं हवी होती आणि अर्ध्यांना सिनेमाची गाणी, आणि त्या भांडणात मालाची इतकी खराबी झाली की सरांनी स्वतःच स्पीकर काढून नेला. पण माणूस ऐकून घेत होता. मी त्याआधी ऐकून घेणारा मॅनेजर पाहिला नव्हता.

एकदा परदेशातल्या गिऱ्हाइकाकडून एक बाई तपासणीला आल्या. अशा लोकांची तऱ्हा वेगळी असते. या बाईंनी माल फारसा पाहिलाच नाही. नळाला साबण आहे का, संडासाच्या दाराला कडी आहे का, बायकांच्या बांगड्या काढलेल्या आहेत का, असं बघत फिरल्या आणि कोल्डच्या दाराशी येऊन थबकल्या. दारात चपलांचा ढीग. चिखलाच्या, तुटक्या, वेगवेगळ्या रंगांच्या. बाईंनी वाकून फोटो काढला आणि सरांकडे बघून भुवया वर केल्या. खाण्याच्या वस्तूच्या दारात हे काय, असा अर्थ होता. सरांचा चेहरा उतरला. मला बाईंचा राग आला, पण त्यांचं म्हणणं चूक होतं असं नाही म्हणता येणार.

पुढच्या सोमवारी सुभाष बैठकीत पहिल्यांदा बोलला. एरवी तो मागे भिंतीला टेकून उभा असायचा. सरांनी 'नवं काय' विचारलं आणि तो म्हणाला, "सर, त्या चपलांचं कायतरी करा. दर टायमाला पायात येत्यात. दार लावायचं म्हनलं की आदी चपला सारा, मंग दार लावा. लय तरास हाय."

सर खूश झाले. हाच तो त्रास, म्हणाले. आणि त्यांनी तो मुळापासून काढला. हॉलच्या प्रवेशापाशी लोखंडी लॉकर बसवले. प्रत्येकीला आपला कप्पा, कुलूप आणि मनगटात अडकवायला दोरीतली किल्ली. घरच्या चपला, पिशवी, मोबाइल सगळं त्यात बंद. त्या बदल्यात प्रत्येकीला स्वतःचे पांढरे गमबूट, दिवसभर तेच घालायचे. कोल्डचं जुनं दार काढून तिथं बाजूला सरकणारं नवं दार आलं, बटणावर चालणारं. बाहेर एक बटण आणि आत एक. दाराशी आतल्या बाजूला गमबुटांसाठी सोडलेली जागा आता लागत नव्हती, म्हणून आत पॅलेटची एक रांग जास्त बसू लागली. दार कमी वेळ उघडं राहायचं, म्हणून वीज कमी लागू लागली. सगळं स्वच्छ, पांढरं, दवाखान्यासारखं दिसायला लागलं. भाऊ येऊन बघून गेले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, आता वाटतं परदेशात माल पाठवतो म्हणून.

निर्यातदारांच्या मेळाव्यात या प्रयोगाला बक्षीस मिळालं. सरांचा मोठेपणा असा की त्यांनी स्टेजवर स्वतः न जाता सुभाषला पाठवलं. कल्पना त्याची, म्हणाले, बक्षीस त्याचं. नाशिकच्या मोठ्या हॉटेलात सुभाष इस्त्रीचा शर्ट घालून, अंगावर शाल घेऊन, हातात काचेची ढाल धरून उभा राहिला. तो फोटो फ्रेम करून हॉलमध्ये लावला. सुभाषची आई मुद्दाम गावाहून आली आणि फोटो बघून गेली. यमुना येता-जाता त्याला चिडवायची की चपला लाथाडायचं बक्षीस घेतलं हो तुम्ही. सुभाष वरून तिरसटपणा करायचा, पण त्या दिवसांत तो दाढी रोज करायला लागला होता.

आता ते लिहायलाच हवं.

हंगाम ऐन भरात होता. एकामागून एक कंटेनर जात होते आणि आम्ही सगळे घाईत होतो. त्या दिवशी यमुना सकाळपासून सांगत होती की आज मी पिकअपनं घरी जाणार नाही. तिची बहीण जना आमच्या इंदिरानगरात चार घरी स्वयंपाकाचं काम करते. तिच्याकडे जायचं आणि तिथून सकाळी परत कामावर यायचं, असं तिनं ठरवलं होतं. संध्याकाळी उशिरा शेवटचे पॅलेट कोल्डमध्ये गेले. एका पॅलेटचं लेबल ओलं होऊन निघालं आहे, असं हमालांपैकी कुणी सांगितलं, आणि यमुना ते बदलायला आत गेली. तिला जाताना बघणारी मी शेवटची. "ताई, हे लावून मी तशीच जाते," म्हणाली. मी मान हलवली आणि दुसऱ्या टेबलाकडे वळले.

ते पॅलेट मधल्या बोळाच्या टोकाला होतं. ती तिथं वाकून लेबल लावत असणार. हमालांनी शेवटची वाढीव रांग आणून लावली, त्यात बोळाचं तोंड बंद झालं. वरून ताडपत्री ओढली. त्यांना ती दिसली नाही. पंख्याच्या आवाजात तिची हाक कुणाला ऐकू गेली नाही. हमाल बाहेर आले, सुभाषनं दाराकडे बघितलं. फरशी स्वच्छ होती. त्यानं बटण दाबलं.

आतही बटण होतं. ते दाराजवळ, भिंतीवर, त्या वाढीव रांगेच्या पलीकडे.

बायका पिकअपमध्ये बसल्या, तेव्हा यमुना बहिणीकडे गेली हे सगळ्यांना माहीत होतं. जनानं तिची वाट बघितली, फोन केले, उचलला नाही तेव्हा धरून चालली की काम वाढलं असेल आणि पोरगी तशीच गावाकडे गेली असेल. फोन लॉकरमध्ये वाजत होता. तिथं ऐकायला कुणी नव्हतं.

सकाळी कंटेनर लागला आणि सुभाषनं दार उघडलं. मी पोचले तेव्हा हमालांनी पुढची रांग ओढून काढली होती. यमुना बोळात भिंतीला टेकून बसलेली होती, गुडघे पोटाशी घेऊन, पदर डोक्यावरून गच्च ओढून. खोक्यांच्या बांधलेल्या पट्ट्या तिनं ओढून ओढून सैल केल्या होत्या, पण थप्पी ढळली नव्हती. पॅलेट ढळू नये असं आम्हीच ते बांधतो. मी तिचे हात हातात घेतले. त्याहून जास्त मला लिहिता येणार नाही.

सुभाष दाराच्या बाहेर उभा होता. दुपारी जना आली, तिला बहिणीचं सामान हवं होतं. यमुनेच्या मनगटातल्या किल्लीनं मीच लॉकर उघडला. आत फोन, डब्याची पिशवी आणि चपला होत्या, एकीचा अंगठा निळ्या दोरीनं शिवलेला. सुभाष माझ्यामागे कधी येऊन उभा राहिला मला कळलं नाही. त्या चपलांकडे बघून तो इतकंच बोलला, "ह्या भाईर असत्या तं मी दार लावलंच नसतं, ताई."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की इतकी वर्षं कोल्डची राखण कोण करत होतं. सुभाष नव्हे, मी नव्हे, कुठला नियम नव्हे. त्या चपला करत होत्या, आणि त्या करतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांचा जो त्रास होता, पायात येणं, दार अडवणं, तोच त्यांचा उपयोग होता. आम्ही त्रास काढला आणि त्याच्याबरोबर ते काम करणारं काहीच शिल्लक राहिलं नाही.

पोलिस आले, सरकारी तपासणीवाले आले. दार कुणी लावलं हा पहिला प्रश्न होता आणि त्याचं उत्तर सोपं होतं. भाऊंनी मला ऑफिसात बोलावून घेतलं. वाईट माणूस नाहीत ते, पण घाबरले होते. म्हणाले, दार लावायच्या आधी आत बघणं हे सुभाषचं काम होतं, एवढंच तुम्ही सांगायचं. आणि लॉकरची कल्पना तर त्याचीच होती, सगळ्या जगासमोर बक्षीस घेतलंय त्यानं. हे ऐकून माझा संताप झाला. मी म्हटलं, भाऊ, आत बघ असं त्याला तुम्ही कधी सांगितलं नाही, मी सांगितलं नाही, सरांनी सांगितलं नाही. तो चपला बघायचा, आणि त्या आपण सगळ्यांनी मिळून उचलल्या.

फौजदारांना मी चपलांचं सगळं सांगितलं. दार कसं उघडायचं, चपला कुठं असायच्या, सुभाष हाका कसा मारायचा. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बाई, चपलांचा इथं काय संबंध?" मी परत सांगितलं. चपलांचं लिहिल्याशिवाय सही करणार नाही, म्हटलं. शेवटी त्यांनी एक ओळ वाढवली: मयत महिलेच्या चपला लॉकरमध्ये होत्या. ती ओळ खरी होती. तिच्यातून कुणालाही काहीही कळण्यासारखं नव्हतं. मी सही केली, कारण त्याहून चांगली ओळ मलाही सुचत नव्हती.

सुभाषवर गुन्हा दाखल झाला, हलगर्जीपणाचा. भाऊंनी त्याला कामावरून काढलं. जामीन मिळाला, पण तारखा अजून चालू आहेत. हॉलमधला फोटो कुणीतरी एका सकाळी उतरवला. भिंतीवर त्याचा चौकोन बरेच दिवस पांढरा दिसत होता.

निखिल सरांनी हंगाम संपेपर्यंत काम केलं. सोमवारची बैठक त्यांनी पुन्हा घेतली नाही. जायच्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. चपला उचलायच्या आधी, म्हणाले, मी सगळं मोजलं होतं; वीज, वेळ, जागा. चपला काय करतात हे विचारायचं मला सुचलंच नाही. मी म्हटलं, सर, कुणाला विचारलं असतं? कुणालाच माहीत नव्हतं. हे मी त्यांची समजूत काढायला म्हटलं नाही, खरंच तसं होतं. पण खरं बोलून माणसाला बरं वाटेलच असं नसतं. ते मान खाली घालून गेले. आता ते गुजरातेत कुठल्याशा औषधांच्या कंपनीत आहेत, असं ऐकते.

त्यानंतर कोल्डमध्ये कॅमेरा बसला, घंटा बसली, आतली बटणं वाढवली. नव्या मॅनेजरांनी येऊन वाढीव रांग बंद केली. पण बायकांचा त्यातल्या कशावरच भरवसा बसला नाही. कोल्डमध्ये जायची वेळ आली की त्या मनगटातली लॉकरची किल्ली काढून दाराच्या बाहेरच्या दांड्याला अडकवायच्या आणि मगच आत जायच्या. कुणी आधी केलं माहीत नाही, बघता बघता सगळ्या करायला लागल्या. नव्या मॅनेजरांना ते फार आवडलं. त्यांनी त्याचा फोटो काढून मोठा केला आणि कामगारांनी केलेलं इनोव्हेशन म्हणून दाराशेजारी लावला. त्यांनी मला त्याचं चांगलंसं नाव सुचवायला सांगितलं. मला नाव सुचलं नाही. त्याच वर्षी मी काम सोडलं.

सुभाष आता घोटीला आहे. एका भाताच्या गिरणीत पोती शिवायचं काम करतो. गावात त्याला राहवेना. लोक तोंडावर काही बोलत नाहीत, पण तो आला की गप्प होतात, असं त्याच्या बायकोनं मला फोनवर सांगितलं होतं. गेल्या उन्हाळ्यात मी त्याला भेटायला गेले. गिरणीमागच्या दोन खोल्यांत तो, बायको आणि म्हातारी आई असे राहतात. त्यानं माझ्यासाठी खुर्ची पुसून दिली, चहा झाला, कोर्टाच्या पुढच्या तारखेचं बोलणं झालं. मी वकिलाचं विचारलं तर म्हणाला, बघू. यमुनेचं नाव त्यानं काढलं नाही, मीही काढलं नाही. त्याच्या हाताला पोती शिवून शिवून घट्टे पडले आहेत. मला फार वाईट वाटत होतं.

उठले तेव्हा त्याची बायको मला स्टँडपर्यंत सोडायला निघाली. आतल्या खोलीतच ती हळूच म्हणाली, ताई, घराचं दार हे कधी लावत नाहीत. रोज मीच लावते. लावायच्या आधी हे उठून उंबऱ्याबाहेर जातात आणि चपला बघून येतात. बाहेर एक जरी चप्पल जास्त दिसली, तरी घरातल्या एकेकाला हाक मारतात. आम्ही तिघंच असतो घरात, तरी हाक मारतात.

मी बाहेर पडून चपला घालत होते. एक पाय अर्धा सरकवला होता, दुसरी चप्पल अजून पायरीवर होती. बाहेर वारा सुटला होता, गिरणीचा भुसा घरात उडत होता, आणि म्हातारी आतून ओरडत होती की दार लोटा, सगळा कोंडा भाकरीत येतोय. सुभाष उंबऱ्यात उभा होता. दार त्याच्या हाताशी होतं. तो माझ्या पायाकडे बघत होता, आणि मी दुसरी चप्पल घालेपर्यंत, घालून पायरी उतरेपर्यंत त्यानं दाराला हात लावला नाही.

मी रस्त्यावर जाऊन मागे बघितलं. दार तसंच उघडं होतं. आत कोंडा उडत होता, म्हातारी बोलत होती, आणि तो बायको परत येण्याची वाट बघत उभा होता.